घरकुलाची तोटी आणि टाकीत उतरणारे 'ते'

गेल्या उन्हाळ्यात संग्रामपूर तालुक्यातल्या एका वस्तीत आम्ही घरकुलाच्या आखणीला हजर होतो. जमिनीवर फक्की मारलेली. घर एका मायचे. दोन मुले आणि जावई मिळून बांधणार, गवंडी फक्त कोपरे धरायला आणि ओळंबा लावायला. स्वयंपाकाचा ओटा ठरला, खिडकी ठरली. न्हाणी-संडासाचा विषय निघाला तसा गवंडी म्हणाला, "मांगं मोठी टाकी मारून टाकू. भरली तं माणूस बलावून उपसून घेता येते."

मायने विचारले, "कोनाले बलावतेत?"

"येतेत ना ते, शहरातून."

'ते' म्हणजे कोण, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळले. नाव कोणी घेतले नाही. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो कुठे लावायचा हे ज्या घरात पाया खोदण्याआधी ठरले होते, त्याच घराच्या मागच्या बाजूला एका जातीसाठी खड्डा आखला जात होता. हा लेख त्या 'ते' या शब्दाबद्दल आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. घरात पाणी येणे हा अर्धा इतिहास आहे. वापरलेले पाणी आणि मैला कुठे जातो, कोणाच्या हाताने जातो, हा उरलेला अर्धा. जातिव्यवस्थेने आपल्या माणसांना पहिल्या अर्ध्यात अडवले आणि दुसऱ्या अर्ध्यात जुंपले. चवदार तळ्याची लढाई पहिल्या अर्ध्याची होती. दुसऱ्या अर्ध्याची लढाई आज आपल्या घरकुलाच्या मागच्या बाजूला आहे, आणि ती हरण्याची किंवा जिंकण्याची मुभा या वेळी आपल्याच हातात आहे.

तंत्र जुने, प्रश्न वेगळा

नळ, न्हाणी, गटार हे सगळे इंग्रजांनी आणले असे आपण शाळेत शिकतो. ते अर्धसत्य आहे. सिंधू संस्कृतीच्या मोहेंजोदडोमध्ये साडेचार हजार वर्षांपूर्वी घराघरात पक्क्या विटांच्या फरशीची न्हाणी होती. फरशीला ढाळ होता आणि पाणी भिंतीतल्या मोरीतून रस्त्याच्या झाकलेल्या गटारात जात होते. मुंबईजवळच्या कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत. डोंगरावर पडणारे पावसाचे पाणी खोदलेल्या पन्हाळींतून लेण्यांजवळच्या टाक्यांत उतरवलेले दिसते. तिथल्या शिलालेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हटले आहे आणि ती दान दिल्याच्या नोंदी आहेत. आपल्या भिक्खूंना पाण्याचे नियोजन कळत होते.

त्याहून महत्त्वाचे विनयपिटकात आहे. चुल्लवग्गात वच्चकुटीचे, म्हणजे संडासाचे नियम आहेत. त्यामागच्या दोन कथा प्रत्येक कार्यकर्त्याने वाचाव्यात. पहिल्या कथेत ब्राह्मण कुळातून आलेला एक भिक्खू शौचानंतर स्वतःला धुवायला तयार होत नाही. एवढ्या घाणीला हात कोण लावणार, असे त्याचे म्हणणे. घाणीसाठी तो जो शब्द वापरतो तो 'वसल', तोच शब्द नीच मानलेल्या माणसासाठीही वापरला जाई. स्वतःच्या शरीराची घाणसुद्धा त्याला दुसऱ्या जातीची वाटत होती! दुसऱ्या कथेत भिक्खू ज्येष्ठतेच्या क्रमाने संडासला जात. नवे भिक्खू आधी येऊनही ताटकळत आणि कळा सोसता सोसता मूर्च्छा येऊन पडत. तेव्हा बुद्धांनी नियम बदलला. जो आधी येईल तो आधी जाईल, त्यात लहान-मोठा नाही. पुढचे नियम तर आजच्या घरातही लावता येतील. आत जाण्याआधी खाकरावे, जागा घाण झाली असेल तर ती वापरणाऱ्याने धुवावी, मडक्यातले पाणी संपले असेल तर भरून ठेवावे.

अडीच हजार वर्षांपूर्वी एका संघटनेने नियम केला की जो वापरतो तो साफ करतो. त्या संघात झाडूवाला सुनीत होता, न्हावी उपाली होता. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात या दोघांच्या दीक्षेला मुद्दाम जागा दिली. म्हणजे संडास आणि समता यांचा संबंध आम्ही ओढूनताणून लावत नाही, तो आपल्या वारशातच आहे.

पाणी पुढे आले, माणूस बाहेर राहिला

आता पुण्याकडे बघा. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून तिथले पाणी बंदिस्त नळाने शहरात आणले गेले. वाटेत हवा सुटण्यासाठी उच्छ्वास बांधले, पेठांत हौद बांधले. स्थापत्य म्हणून काम अव्वल आहे. पण त्याच शहरात अस्पृश्याला सार्वजनिक हौदाला हात लावता येत नव्हता. मैलोगणिक जमिनीखालून आलेले पाणी शेवटच्या चार पावलांवर जात विचारत होते. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी स्वतःच्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला तो याच शहरात. जोतीराव बांधकामाची कंत्राटे घेत. दगड, चुना, पाणी यांचा व्यवहार त्यांना पक्का माहीत होता, आणि म्हणूनच अडचण चुन्यात नाही हेही माहीत होते.

पुढचा इतिहास आपल्याला पाठ आहे, तरी क्रम लक्षात घेऊ. १९२३ साली सी. के. म्हणजे सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदे कौन्सिलने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेने चवदार तळ्यासाठी तसा ठराव केला. दोन्ही ठराव कागदावर राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले तेव्हा ते कागद जमिनीवर उतरले. सनातन्यांनी तळ्यात पंचगव्याच्या घागरी ओतल्या, नगरपालिकेने ठराव मागे घेतला, प्रकरण कोर्टात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. एका ओंजळीची किंमत दहा वर्षे!

महाडच्या त्याच परिषदेत बाबासाहेबांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती आपण कमी सांगतो. मेलेल्या जनावराचे मांस सोडा, हलकी म्हणून लादलेली कामे सोडा, स्वाभिमानाने जगा. म्हणजे पाण्याचा हक्क आणि घाणीच्या कामातून सुटका, या दोन्ही मागण्या पहिल्या दिवसापासून जोडीने होत्या.

हे वारे वऱ्हाडातही आले. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीला अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या प्रश्नावर बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली. १९२९ च्या मे महिन्यात ते आपल्याच तालुक्यातल्या पातुर्ड्याला परिषदेसाठी आले. बैलगाडीच्या वाटा, वऱ्हाडातला मे महिना आणि गावोगावी जातीप्रमाणे वाटलेले पाणवठे. त्या उन्हात आपल्या आजे-पणज्यांनी त्यांना ऐकले. संग्रामपूरच्या मुलाला महाड लांब वाटत असेल तर त्याने पातुर्डा आठवावे.

रमाईच्या दोन खोल्या

ज्या माउलीच्या नावाने रमाई आवास योजना आहे, तिचे संसाराचे दिवस कसे गेले? परळच्या बीआयटी चाळीत, दोन खोल्यांत. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ साली सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. त्या ट्रस्टच्या या चाळी. नळ सामाईक, संडास सामाईक. बाबासाहेबांचे कितीतरी वाचन-लेखन त्या दोन खोल्यांत झाले. पुढे दादरला 'राजगृह' उभे राहिले, पण रमाईंना ते फार थोडे लाभले. २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. म्हणून तिच्या नावाच्या घरात स्वतंत्र न्हाणी आणि आत तोटी असणे ही आमच्या लेखी चैन नाही. बाईच्या अंगावरून पाणी जाताना तिला आडोसा मिळणे आणि रात्री पोटात कळ आली तर तिला हातात टमरेल घेऊन अंधारात जावे न लागणे, याला आम्ही सामाजिक न्याय म्हणतो.

राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट हे शब्द नावानिशी आहेत. जगातल्या किती घटनांत स्नानघाट असेल? तो आपल्या घटनेत आहे कारण तो आपल्या जखमेत होता. पण कायदा सार्वजनिक जागेपर्यंत पोहोचतो. घरातली तोटी कुठे बसवायची आणि घरामागचा खड्डा कसा खणायचा, हे ठरवायला कलेक्टर येणार नाही.

टाकी कोण उपसणार?

संडासाच्या भांड्याखाली जो वाकडा पाइप असतो, ज्यात थोडे पाणी कायम उभे राहते आणि वास वर येऊ देत नाही, त्या वाकाचे पेटंट १७७५ साली अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने घेतले. वाकाने श्रीमंतांच्या घरातला वास गेला, पण मैला थेम्स नदीत जात राहिला. १८५८ च्या उन्हाळ्यात लंडनला इतकी दुर्गंधी सुटली की पार्लमेंटला कामकाज नकोसे झाले आणि तेव्हा कुठे शहराच्या गटारांचे मोठे काम हाती घेतले गेले. धडा साधा आहे. पाइपाचे दुसरे टोक कुठे आहे हे न विचारता बसवलेले भांडे म्हणजे आपली घाण दुसऱ्याच्या दारात ढकलणे.

लंडनमध्ये दुसऱ्या टोकाला नदी होती. आपल्याकडे दुसऱ्या टोकाला जात आहे. १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे झाले. २०१३ च्या कायद्याने गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये संरक्षणाशिवाय माणूस उतरवून साफसफाई करून घेणे हा गुन्हा ठरला. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ च्या निकालात अशा मृत्यूसाठी दहा लाख रुपये भरपाई सांगितली, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. भरपाई वाढली, मरणे थांबलेले नाही. बंद टाकीत प्राणवायू नसतो, विषारी वायू साठतो. पहिला माणूस उतरतो, कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो. मरणाऱ्यांची आडनावे वाचा, जात वेगळी शोधावी लागत नाही.

बाबासाहेबांनी १९३६ साली मांडले की जात ही नुसती कामांची वाटणी नाही, ती काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे. आपण गावकीची कामे सोडली, ढोरे ओढणे सोडले, १९५६ साली धम्म घेतला. आता आपणच अशी टाकी बांधायची की जी उपसायला मेहतर-वाल्मीकी भावाला बोलवावे लागेल? मग आपण जातीची उतरंड मोडली नाही, तिच्यावर एक पायरी वर चढलो एवढेच.

मग बांधायचे कसे?

प्रधानमंत्री आवास (ग्रामीण) योजनेत घर किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे २६९ चौरस फुटांचे. रमाईचे घरकुलही त्याच मापाचे. घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचे, ठेकेदार लावायचा नाही, असा केंद्राच्या योजनेचा नियमच आहे. घराचे १ लाख २० हजार, संडासाचे १२ हजार वेगळे आणि रोजगार हमीतून ९० दिवसांपर्यंतची मजुरी. म्हणजे निर्णय आपलाच आहे. तो असा घ्यावा.

संडासाला एक मोठी टाकी न बांधता दोन शोषखड्डे घ्या. प्रत्येक खड्डा साधारण मीटरभर रुंद, मीटरभर खोल, विटांची जाळीदार बांधणी, तळ मातीचाच, वर घट्ट झाकण. मध्ये एक छोटा चेंबर, ज्यातून एका वेळी एकच खड्डा चालू राहील. एक भरला की चेंबरमध्ये तोंड बदलायचे. भरलेला खड्डा निदान दोन वर्षे बंद ठेवला की आत माती होते, कोरडी, बिनवासाची. ती घरातलाच माणूस फावड्याने काढून शेतात टाकू शकतो. 'ते' कोणी लागत नाही. हेच या खड्ड्यांचे खरे मोल आहे.

भांडे ग्रामीण पद्धतीचे, जास्त उताराचे घ्या. त्याला दीड-दोन लिटर पाणी पुरते. टाकीवाल्या फ्लशला एका वेळी सहा ते दहा लिटर जातात. जलजीवन मिशनचा हिशोब माणशी रोज ५५ लिटरचा आहे, पाच जणांना २७५ लिटर. आपल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारट, मूत्रपिंडाच्या आजाराची भीती घरोघरी, आणि गोडे पाणी येते ते वान धरणाच्या नळयोजनेतून. ते पाणी फ्लशमध्ये ओतायचे का, याचा विचार करा. भांड्यापासून चेंबरपर्यंत चार इंची पाइप, पंधरा फुटाला निदान एक फूट ढाळ, आणि शक्यतो एकही काटकोनी वळण नको.

न्हाणीचे आणि भांड्यांचे पाणी या खड्ड्यांत सोडू नका. खड्डा लवकर भरतो आणि साबणाचे पाणी आतले कुजणे बिघडवते. त्यासाठी वेगळा शोषखड्डा किंवा परसबाग. न्हाणीच्या फरशीला कोपऱ्याकडे ढाळ द्या, तिथे जाळी आणि पाणी धरणारा ट्रॅप बसवा, नाहीतर झुरळे आणि वास दोन्ही वर येतात.

आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाणी हळू पिते. म्हणून खड्ड्याच्या बांधणीभोवती फूटभर जाडीचा रेती-विटांच्या चुऱ्याचा थर भरा. पाइपाखाली रेती पसरा, म्हणजे माती हलली तरी जोड निखळत नाही. जुलै २०२३ च्या पुरात तालुक्यातल्या वस्त्यांत पाणी शिरले होते, ते आठवून खड्ड्याचे तोंड जमिनीपेक्षा उंच ठेवा. विहीर किंवा हातपंपापासून अंतर निदान ३०-३५ फूट.

पाण्याची लाइन प्लॅस्टिकची घ्या, खाऱ्या पाण्यात लोखंडी पाइप गंजतो. मात्र उन्हात लोंबकळणारा पीव्हीसी ठिसूळ होतो, तो भिंतीत किंवा मातीत झाका. छतावर ५०० लिटरची टाकी, खाली एक मुख्य वॉल्व्ह आणि ओटा, न्हाणी, संडास अशा तीन तोट्या. जोडाला सोल्युशन लावून दिवसभर तरी पाणी सोडू नका. भिंतीला गिलावा करण्याआधी पाणी भरून सगळे जोड बघा, नंतर भिंत फोडण्याचा खर्च घरकुलाच्या हप्त्यात बसत नाही.

दोन आक्षेप

काही मित्र म्हणतील, अत्याचार होत आहेत, आरक्षणावर घाव पडत आहेत, आणि तुम्ही संडासाच्या पाइपाचे वळण सांगता? आमचे उत्तर असे. साताऱ्याच्या शाळेत शिपाई नसला की भीमरावाला पाणी मिळत नसे. तोच मुलगा १९४२ ते १९४६ मध्ये व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाला आणि देशाच्या धरणांचे, जलमार्गांचे धोरण आखू लागला. त्यांनी पाण्याला कधी किरकोळ विषय मानले नाही. आपण मानू नये.

दुसरा आक्षेप घरातूनच येतो. मोठी टाकी म्हणजे पक्के घर, खड्डे म्हणजे गरिबी. सरपंचाकडे टाकी आहे, आपल्याकडे का नको? खरे सांगायचे तर हा आक्षेप जास्त अवघड आहे, कारण तो प्रतिष्ठेचा आहे. आपल्याला इतकी वर्षे कमी प्रतीचे दिले गेले की साधी वस्तू दिसली की अपमान वाटतो. पण प्रतिष्ठा कशात आहे? आपली घाण दुसऱ्याने उचलावी यात, की कोणालाच ती उचलावी लागू नये यात? पहिली प्रतिष्ठा मनुस्मृतीची आहे. ती आपण २५ डिसेंबर १९२७ ला जाळली.

ज्यांच्याकडे टाकी आधीच बांधून झाली आहे त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये, एक निश्चय करावा. ती उपसायची तर यंत्राच्या गाडीनेच. झाकण उघडून माणूस आत उतरवायचा नाही, तो स्वतःहून तयार झाला तरी नाही, पाचशे रुपये वाचत असले तरी नाही.

त्या दिवशी मायने सगळे ऐकून घेतले. गवंड्याला म्हणाली, "दोन खड्डेच कर बापू. माह्या सासऱ्यानं लय ओढलं दुसऱ्याचं. आता माह्या घरचं कोनी ओढू नये." गवंड्याने फक्की पायाने पुसली आणि पुन्हा आखली.

तुमच्या वस्तीत या वर्षी जितकी घरकुले मंजूर झाली आहेत, त्यांच्या आखणीच्या दिवशी हजर राहा. भाषण करू नका. फक्त एक प्रश्न विचारा, टाकी भरली तर कोणाला बोलावणार? उत्तरात 'ते' आले, की तिथून काम सुरू करा.

जय भीम. नमो बुद्धाय.